काणकोण ते बांबोळी, मे महिन्यातली दुपार

प्रश्न असा आला आहे: गोव्यात रुग्णवाहू हेलिकॉप्टर ठेवायचे झाले, तर दोन इंजिनांच्या हलक्या वर्गातले कोणते घ्यावे? विचारणाऱ्याने माहितीपत्रके शेजारी शेजारी मांडून तुलनाही केली आहे. एडब्ल्यू-१०९ सर्वांत वेगवान, एच-१३५ सर्वांत किफायतशीर, बेल-४२९ मधोमध आणि एच-१४५ 'गोव्यासाठी जरा मोठेच'. त्यांचा कल १०९ कडे आहे, कारण तातडीच्या वेळी एकेक मिनिट मोलाचे.

आधी वेगाचेच बघू, कारण तो मुद्दा लवकर निकालात निघतो. काणकोणच्या चावडी गावापासून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंतचे (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंतचे) हवाई अंतर सुमारे ५४ किलोमीटर, म्हणजे २९ सागरी मैल. एच-१३५ किंवा एच-१४५ रोजच्या कामात १२५ ते १३० नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जाते, १०९ हे १४५ ते १५०ने. १३० नॉटने साडेतेरा मिनिटे लागतात, १५०ने साडेअकरा. वाचली दोन मिनिटे. कारवारहून आणले तर ४२ मैलांत अडीच मिनिटे. मोले, वाळपई याहून जवळ. तिथे फरक मिनिटभराचा. पावसाळ्यात तर हाही हिशेब उरत नाही. सरीत समोरचे दिसेनासे झाले की सगळेच वेग उतरवून ९०-१०० नॉटवर येतात आणि महागडे वेगवान यंत्र स्वस्त यंत्राच्या मागोमाग त्याच चालीने जाते.

ही दोन मिनिटे कुठे हरवतात तेही सांगतो. १०९ मध्ये स्ट्रेचर बाजूच्या दारातून आत जाते. रुग्णाला आत घेऊन वळवावे लागते आणि त्याच वेळी सलाईन, मॉनिटरच्या वायरी, व्हेंटिलेटरची नळी सांभाळावी लागते. एच-१३५ आणि एच-१४५ ला मागे दुहेरी दारे आहेत आणि फरशी सपाट. स्ट्रेचर १०८च्या गाडीतून निघते आणि सरळ रेषेत आत सरकते. बेल-४२९ ला बाजूचे दार चांगले रुंद आहे आणि मागची दुहेरी दारे ऐच्छिक म्हणून मिळतात. घेणार असाल तर ती घ्याच. इंट्यूबेट केलेला, म्हणजे श्वासनलिकेत नळी घातलेला रुग्ण वळवताना नळी अर्धा इंच सरकली, तर ती पुन्हा तपासण्यात वाचवलेली मिनिटे दुपटीने जातात.

आता खरा मुद्दा. गोव्यात डोंगर फार उंच नाहीत. सर्वांत उंच सोसोगड, सत्तरीत, तोही बाराशे मीटरांच्या आत. त्यामुळे एच-१४५ ची पाच पात्यांची आवृत्ती २०१९ मध्ये अकोंकाग्वाच्या ६,९६२ मीटर उंच माथ्यावर उतरली, या जाहिरातीचा आपल्याला तसा काही उपयोग नाही. आपला शत्रू उष्मा आणि दमटपणा. प्रमाण हवेत समुद्रसपाटीला १५ अंश धरतात. मेमध्ये दुपारी ३५ अंश झाले की हवेची घनता साडेसहा टक्क्यांनी घटते. यंत्राच्या दृष्टीने तुम्ही चावडीच्या मैदानावर नसता, २,४०० फूट उंचीवर असता. दवबिंदू २५ अंशांचा असेल तर बाष्पामुळे आणखी चारेकशे फूट धरा. गंमत म्हणजे फ्लाइट मॅन्युअलच्या बहुतेक आलेखांत तापमान आणि उंचीचे खाने असतात, दमटपणाचा नसतो. म्हणून किनाऱ्यावर काम करणाऱ्याने आलेखातून निघालेल्या वजनातून थोडे आपणहून कापायचे असते.

हे वजन कोणते? माहितीपत्रकातले कमाल टेक-ऑफ वजन इथे कामाचे नाही. दोन इंजिने घ्यायची ती एक बंद पडले तरी जमिनीवर आपटू नये म्हणून. पण दोन इंजिने आहेत एवढ्याने ती हमी मिळत नाही. ती मिळते 'कॅटेगरी ए' वजनाच्या आत राहिले तरच: टेक-ऑफच्या कोणत्याही क्षणी एक इंजिन गेले, तर निर्णयबिंदूच्या आधी असाल तेव्हा त्याच जागी सुखरूप परत उतरता येईल आणि बिंदूच्या पुढे असाल तर उरलेल्या इंजिनावर चढत निघून जाता येईल. मोकळ्या धावपट्टीवरून हे वजन भरपूर मिळते. चहूबाजूंनी अडथळे असलेल्या छोट्या पॅडवरून, ३५ अंशांत, ते बरेच खाली येते. हा आलेख मॅन्युअलच्या पुरवणीत असतो आणि विक्रेता तो आपणहून कधी उघडून दाखवत नाही.

चावडीचा फेरा मांडून बघू. आकडे ढोबळ आहेत. प्रत्येक हेलिकॉप्टरचा स्वतःचा वजनकाट्याचा दाखला असतो आणि अंतिम हिशेब त्यावरच करायचा.

एच-१३५: रिकामे यंत्र दीड टनाच्या आसपास. त्यावर ऑटोपायलट, रेडिओ, हवामान रडार, तारा कापायचे कटर, एसी आणि वैद्यकीय फिटिंग चढले की १,९५० किलो. दोन वैमानिक १८०, डॉक्टर आणि पॅरामेडिक १६०, पिशव्या ३०, रुग्ण ८०. झाले २,४००. इंधन तासाला सुमारे २०० किलो जळते. जाणे-येणे, जागेची पाहणी आणि सुरू करणे-बंद करणे मिळून ४० मिनिटे, राखीव अर्धा तास, वर पर्यायी तळासाठी पाव तास: २८० किलो. चावडीहून रुग्ण घेऊन उठताना त्यातले २१५ उरलेले असतात. म्हणजे वजन २,६१५. टी-३ आवृत्तीची मर्यादा २,९८०. हातात ३६५ किलो, बारा टक्के.

एच-१४५, पाच पात्यांचे: रिकामे सुमारे १,९००, सज्ज २,३५०. माणसे आणि सामान तेवढेच. तासाला २४० किलो जळते असे धरून चावडीहून उठताना ३,०६०. मर्यादा ३,८००. हातात ७४०, जवळपास वीस टक्के.

१०९ ची ग्रँड-न्यू आवृत्ती: सज्ज अवस्थेत २,२५० च्या आसपास जाते, तासाला २३० किलो जळते. चावडीहून २,९४५. मर्यादा ३,१७५. हातात २३० किलो, सात टक्के. बेल-४२९ चे गणित साधारण असेच येते. काही देशांनी ४२९ ला ३,४०२ किलोंची परवानगी दिली आहे, पण आपल्याकडे त्या यंत्राच्या कागदावर जे लिहिले असेल तेच धरायचे. ३,१७५ हा आकडा दोघांच्या वाट्याला योगायोगाने आलेला नाही. सात हजार पौंड ही हलक्या वर्गाच्या नियमांची सीमा आहे आणि दोन्ही यंत्रे त्या कुंपणाला टेकून बनवलेली आहेत. एच-१४५ ने ते कुंपण ओलांडले, म्हणून ते 'जरा मोठे' दिसते.

हातात उरलेले हे टक्के कॅटेगरी ए चा आलेख खातो. सात टक्क्यांचा साठा मेच्या दुपारी माडांच्या मध्ये उभ्या असलेल्या यंत्राला पुरेलच असे नाही. मग काय होते? राखीव इंधन कमी करायचा मोह होतो, किंवा पॅरामेडिकला मागे ठेवायचा, किंवा दुसऱ्या वैमानिकाला. ९० किलो वाचतात खरे, पण जूनच्या ढगांत एकटा वैमानिक आणि मागे अत्यवस्थ रुग्ण, ही जोडी कागदावर कायदेशीर असली तरी मला मान्य नाही.

माडांचा विषय निघालाच आहे, तर तो जवळून बघण्यासारखा आहे. छोट्या पॅडवरून कॅटेगरी ए टेक-ऑफ करताना हेलिकॉप्टर सरळ वर जात नाही. ते तिरके मागे सरकत वर चढते, म्हणजे निघालो ती जागा वैमानिकाच्या नजरेसमोर राहते आणि इंजिन गेले तर पुढे उतरता येते. निर्णयबिंदू शंभर-सव्वाशे फुटांवर किंवा त्याहून वर. याचा अर्थ मोकळी जागा पुढे जेवढी लागते, तेवढीच मागेही लागते. किनारी भागात दुपारी वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. वाऱ्याकडे तोंड करून उतरायचे तर येणे पूर्वेकडून, भाटातल्या वीस-पंचवीस मीटर उंच माडांवरून, तीव्र उताराने. निघताना तोंड समुद्राकडे, पुढे एकही अडथळा नाही, छान. पण मागे सरकत चढायचे ते त्याच माडांच्या दिशेने. नकाशावर किनारा सगळीकडे मोकळा दिसतो आणि जागेवर गेल्यावर कळते की मागच्या अंगाला वीस मीटरसुद्धा मिळत नाहीत.

गोव्याने मात्र हेलिकॉप्टरवाल्यांवर एक उपकार करून ठेवला आहे: जवळजवळ प्रत्येक गावात फुटबॉलचे मैदान. शंभर बाय साठ-सत्तर मीटरांची सपाट जागा. एच-१३५ ची रोटरसह लांबी १२.२ मीटर, १०९ आणि ४२९ ची १३ च्या आसपास, एच-१४५ ची साडेतेरा. युरोपात दिवसा घटनास्थळी उतरायला या लांबीच्या दुप्पट रुंदीची जागा मागतात. म्हणजे एच-१३५ ला साडेचोवीस मीटर आणि एच-१४५ ला सत्तावीस. अडीच मीटरांच्या या फरकाने मैदानावर काही अडत नाही. 'गोव्यासाठी मोठे' हा आक्षेप इथे गळून पडतो. अडते ते गोलपोस्टने, फ्लडलाइटच्या खांबाने आणि मैदानाच्या कोपऱ्यावरून तिरक्या गेलेल्या वीजतारेने. मैदानांची यादी आधीच करून प्रत्येकाचा फोटो, तारांची दिशा आणि गेटची रुंदी टिपून ठेवावी. १०८ची गाडी आत शिरत नसेल तर ते मैदान यादीतून काढा.

रोटरखालच्या वाऱ्याबद्दलही उगाच समज आहेत. तो ठरतो वजन भागिले रोटरचे क्षेत्रफळ यावर. पूर्ण भरलेल्या एच-१३५, १०९ आणि ४२९ मध्ये दर चौरस मीटरला ३३ ते ३५ किलो येतात. खालच्या वाऱ्याचा वेग हिशेबाने ताशी ८६ ते ८८ किलोमीटर. पूर्ण भरलेल्या एच-१४५ मध्ये साडेएकेचाळीस किलो, वारा ताशी ९५ च्या घरात. पण वर काढलेल्या ३,०६० किलो वजनाला एच-१४५ चाही आकडा ३३-३४ वर येतो, म्हणजे गच्च भरलेल्या एच-१३५ इतकाच. शॅकच्या छत्र्या, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि ताडपत्री उडवायला दोन्ही पुरेसे आहेत.

उतरण्याच्या जागेवर जांभ्याची लाल माती असते. ती फेब्रुवारी ते मे पीठ होते. जमिनीपासून पाच-सहा मीटरांवर आल्यावर लाल भिंत उभी राहते आणि वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते. अग्निशमन दलाचा बंब किंवा पंचायतीचा टँकर पंधरा-वीस मिनिटे आधी पोहोचून पाणी मारू शकला तर प्रश्न सुटतो. मधोमधच पाणी मारून थांबू नका. धूळ कडेने उठून आत ओढली जाते, म्हणून रोटरच्या दीड-दोनपट व्यासापर्यंत भिजवा. चिखल होईपर्यंत मात्र नको. इथेच चाके आणि स्किड (चाकांऐवजी खाली असलेल्या दोन आडव्या नळ्या) यांतला फरक कळतो. १०९ ची चाके आत घेता येतात, म्हणून वेग मिळतो. दाबोळी किंवा मोपाच्या डांबरावर ते सोयीचे. जुलैत भिजलेल्या शेतात किंवा खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या कडेला तीच चाके रुततात, आणि एक चाक रुतलेले असताना उठायला गेले की यंत्र त्या चाकाभोवती कलंडू शकते. १०९ ची ट्रेकर ही आवृत्ती स्किडवर आहे, पण मग वेगाचा युक्तिवादही बराच ओसरतो. सड्यावर, म्हणजे वेर्णे, मोपा अशा पठारांवर, जमीन कठीण असते, तिथे दोन्ही चालतात.

शेपटीकडे लक्ष द्या. गोव्यात हेलिकॉप्टर उतरले की पाच मिनिटांत अर्धा वाडा जमतो, फेस्त किंवा जत्रा असेल तर विचारायलाच नको. एच-१३५ आणि एच-१४५ चा मागचा पंखा कड्यात बंदिस्त आहे. १०९ आणि ४२९ चा उघडा. फिरणारा उघडा पंखा उन्हात दिसत नाही. रोटर चालू ठेवून रुग्ण चढवायचा असेल, तर उघड्या पंख्याच्या यंत्राला शेपटीशी एक माणूस फक्त पहाऱ्याला लागतो. तो माणूस तुमच्या चौघांत कोण, हे आधी ठरवा.

केबिनमध्ये काय करता येते यावर डॉक्टरांचे मत घ्या, वैमानिकाचे नको. १०९ मध्ये रुग्णाच्या एकाच बाजूने हात पोहोचतो आणि छत खाली आहे. एच-१३५ मध्ये डोके आणि एक बाजू मिळते. छाती दाबायचे यंत्र बसवता येते, पण ते उड्डाणाआधी बसवलेले बरे. एच-१४५ मध्ये दोघांना दोन बाजूंनी काम करता येते. नवजात बाळाचे इनक्युबेटर शंभर किलोंच्या पुढे जाते, त्यासोबत जादा ऑक्सिजन आणि एक माणूस. हे बेळगावला (८० किलोमीटर) किंवा हुबळीला (१३५) नियमित न्यायचे असेल, तर एच-१३५ मध्ये इंधन आणि सामान यांत रोज घासाघीस होईल. ऑक्सिजनचा हिशेब मिनिटांवर करा: १५ लिटरच्या प्रवाहाला ४० मिनिटांत ६०० लिटर, त्याच्या दुप्पट बरोबर हवा. मुंबई हवाई अंतराने चारशे किलोमीटरच्या पुढे आहे. तिथे दीड-पावणेदोन तास हेलिकॉप्टरच्या थरथराटात रुग्ण ठेवण्यापेक्षा विमान बरे. १०९ चा वेग खरा तिथे उपयोगी पडला असता, पण ते कामच त्याचे नाही.

खाऱ्या वाऱ्याचे काय? किनाऱ्यावर ठेवलेल्या इंजिनाच्या कॉम्प्रेसरवर मीठ बसते, पात्यांचा आकार बिघडतो, तेवढीच शक्ती काढायला तापमान जास्त चढते. रोज शेवटच्या उड्डाणानंतर इंजिन थंड झाले की क्षाररहित पाण्याने कॉम्प्रेसर धुवा. नळाचे पाणी वापरू नका. त्यातले क्षार तुम्ही स्वतः आत घालत आहात. धुतल्यावर इंजिन थोडा वेळ चालवून वाळवायचे, नाहीतर ओलावा आत राहतो. ठरलेल्या अंतराने शक्तीची चाचणी घेऊन तापमानाच्या मर्यादेपर्यंत उरलेला फरक वहीत मांडा. ती रेघ खाली झुकू लागली आणि इंजिन किमान कसोटीच्या खाली गेले, तर मॅन्युअलचा एकही आलेख तुमच्या यंत्राला लागू नाही, मग नाव कोणतेही असो. हवा आत घेण्याच्या तोंडाला फिल्टर बसवला तर वाळू आणि जांभ्याची धूळ अडते. बदल्यात थोडी शक्ती जाते आणि त्याचा वेगळा आलेख असतो. तोच वापरा. लाल धूळ बसलेला फिल्टर पहिल्या पावसात ओला झाला की गाळासारखा जमतो. म्हणून मेअखेर तो साफ झालाच पाहिजे. पात्यांच्या पुढच्या कडेवरची संरक्षक पट्टीही पावसाच्या थेंबांनी सोलवटते. शेंड्याकडचा शेवटचा हात-दीड हात रोज बोट फिरवून बघायचा. फुगा लागला तर उड्डाण नाही.

कॉल ते टेक-ऑफ हा वेळ यंत्रावर कमी आणि कागदावर जास्त अवलंबून असतो. दाबोळी हा नौदलाचा तळ, त्याचे नियंत्रण नौदलाकडे. हवाई संरक्षण विभागाची मंजुरी, फ्लाइट प्लॅन, नियंत्रण कक्षाशी ठरलेला वैद्यकीय अग्रक्रम हे आधी लावून घेतले नाही, तर दहा मिनिटे पार्किंगवरच जातात. रस्त्याने चावडी ते बांबोळी सव्वा ते दीड तास. म्हापशाहून मात्र गाडीच बरी. हेलिकॉप्टरचा फायदा काणकोण, सांगे, नेत्रावळी, धारबांदोडा, सत्तरीचा घाटमाथा आणि गोमेकॉवर अवलंबून असलेला सिंधुदुर्ग इथेच.

तेव्हा माझे मत: काम फक्त घटनास्थळ ते गोमेकॉ असेल आणि पैसा मोजका असेल, तर एच-१३५. आंतररुग्णालयीन कामे, बाळे, दोन वैमानिक आणि मेची दुपार हे सगळे एकाच यंत्रावर टाकायचे असेल, तर एच-१४५, आणि त्याला ते 'मोठे' असल्याबद्दल दोष देऊ नये. तो मोठेपणाच वापरायचा आहे. ४२९ मागच्या दारांसह आणि देशात सुटे भाग व शिकलेले इंजिनिअर मिळण्याची खात्री असेल तर तिसरे. १०९ घटनास्थळाच्या कामासाठी घेऊ नये.

निविदेत तीन कागद मागा: त्याच नोंदणी क्रमांकाच्या यंत्राचा वजनकाट्याचा दाखला, ३५ अंशांसाठी छोट्या पॅडचा कॅटेगरी ए आलेख ज्यावर तुमचा फेरा पेन्सिलीने आखलेला असेल, आणि गेल्या सहा महिन्यांची दोन्ही इंजिनांच्या शक्तिचाचणीची वही. मग प्रात्यक्षिक मागा, तेही डिसेंबरच्या सकाळी नको. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, काणकोणातल्या एखाद्या मैदानावर, स्ट्रेचरवर ऐंशी किलोंची वाळूची पोती बांधून, पूर्ण वैद्यकीय सामानासह. १०८ची गाडी थांबल्यापासून स्किड जमिनीवरून सुटेपर्यंत घड्याळ लावून ठेवा.